ग्रनोब्लच्या कौलांपासून व्हर्सायच्या अंगणापर्यंत

दिवस पहिला : ग्रनोब्ल

माध्यमिक शाळेत इतिहास शिकवण्यात माझी 31 वर्षे गेली आणि त्यांतल्या जवळजवळ प्रत्येक वर्षी फ्रेंच राज्यक्रांतीचा पाठ मी 14 जुलै 1789 या दिवसापासून सुरू केला. तोफा, बॅस्टिलचा तुरुंग-किल्ला आणि जमाव असे चित्र मुलांपुढे उभे केले की वर्ग चटकन लक्ष देतो. मात्र त्या दिवसाआधी लोकांच्या मनात काय साचत गेले, धान्याच्या दुकानापुढचा राग राजाच्या सिंहासनापर्यंत कसा पोचला, हे त्या पाठात कधी नीट सांगून होत नसे. निवृत्तीनंतर भाची कामानिमित्त लिओंला राहायला गेली आणि तिने बोलावले, तेव्हा मी तिला एकच अट घातली : पॅरिसला आपण सगळ्यांत शेवटी जायचे आणि सुरुवात ग्रनोब्लपासून करायची. ऑक्टोबरचा पहिला आठवडाही मी मुद्दामच निवडला होता. त्याचे कारण पुढे येईलच.

आल्प्सच्या कुशीतले हे शहर जुन्या दोफिने प्रांताची राजधानी होते. सँ-आंद्रे चौकात प्रांताच्या ‘पार्लमाँ’ची जुनी इमारत अजून उभी आहे. पार्लमाँ म्हणजे संसद नव्हे, ते उच्च न्यायालय. मात्र राजाचा हुकूम तिथे नोंदला गेल्याशिवाय तो प्रांतात लागू होत नसे, आणि म्हणून नव्या करांना अडवण्याची ताकद या न्यायाधीशांच्या हाती होती. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात पैसा ओतून फ्रान्सचा खजिना रिता झाला होता आणि 1788 साली सरकारी खर्चाचा सुमारे निम्मा भाग कर्जफेडीतच जात होता. नवे कर हवेत आणि न्यायालये ते नोंदवीत नाहीत, अशा कोंडीत सापडलेल्या सोळाव्या लुईच्या मंत्र्यांनी मे 1788 मध्ये या न्यायालयांचे अधिकारच काढून घेतले. ग्रनोब्लच्या न्यायाधीशांनी माघार घेतली नाही, म्हणून त्यांना शहर सोडून आपापल्या जहागिरीत जाऊन राहण्याचे हुकूम आले.

7 जून 1788, शनिवार, बाजाराचा दिवस. न्यायालय गेले की वकील, कारकून, त्यांच्या घरचे नोकर आणि त्यांच्यावर चालणारी दुकाने, सगळ्यांचीच मिळकत जाणार, हे शहराला कळत होते. दुकाने बंद झाली, घंटा वाजू लागल्या, आणि मंडईतल्या बायकांसह लोकांनी न्यायाधीशांच्या गाड्यांचे घोडे सोडून घेतले. सैनिक गल्ल्यांत शिरले तेव्हा माणसे छपरांवर चढली आणि कौले उपसून त्यांच्यावर फेकू लागली. हा दिवस आजही ‘कौलांचा दिवस’ म्हणूनच ओळखला जातो. त्यात काही माणसे जिवाला मुकली, पण संध्याकाळपर्यंत शहर लोकांच्या हातात होते आणि न्यायाधीशांना मिरवत न्यायालयात परत आणले गेले होते. पुढे स्तांदाल या नावाने कादंबरीकार म्हणून प्रसिद्ध झालेला एक पाच वर्षांचा मुलगा हे सारे घराच्या खिडकीतून पाहत होता.

भाजीबाजार भरतो त्या जवळच्या चौकात आम्ही बराच वेळ बसलो. गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की समोरासमोरची छपरे एकमेकींशी बोलतात असे वाटावे, आणि खाली उभ्या असलेल्या सैनिकाला कौलांपासून वाचायला आडोसाच उरला नसेल, हे मला तिथे मान वर केल्यावर उमगले. लोक त्या दिवशी न्यायाधीशांसाठी लढले, राजाविरुद्ध नव्हे, आणि न्यायाधीश तरी आपलेच हक्क राखीत होते. पण राजाचे सैन्य मागे हटू शकते, हे एका शहराने डोळ्यांनी पाहिले होते.

दिवस दुसरा : व्हिझीय

ग्रनोब्लहून बसने थोड्याच वेळात व्हिझीयला पोचलो. इथल्या गढीवजा राजवाड्यात आता फ्रेंच राज्यक्रांतीचे संग्रहालय आहे. दंगल शमल्यावर शहरातल्या पुढाऱ्यांनी प्रांताची सभा बोलावली, पण सरकारने ती ग्रनोब्लमध्ये भरवू दिली नाही, तेव्हा क्लोद पेरिए या धनिकाने आपला हा वाडा देऊ केला. इथे त्याचा छापील सुती कापडाचा कारखाना चाले. अशा कापडाला फ्रेंच लोक ‘इंदियेन’ म्हणत, कारण ही कला त्यांच्याकडे हिंदुस्थानातून गेली होती. त्या फलकापुढे उभे राहताना मला क्षणभर घरचे कोणी भेटल्यासारखे वाटले.

21 जुलै 1788 रोजी इथे धर्मगुरू, सरदार आणि सामान्य नागरिक अशा तिन्ही वर्गांचे सुमारे 500 प्रतिनिधी एकत्र बसले. सभेमागचे मुख्य डोके झाँ-जोझेफ मुनिए या 29 वर्षांच्या न्यायाधिकाऱ्याचे होते आणि त्याच्या जोडीला आंत्वान बार्नाव्ह हा अवघा 26 वर्षांचा वकील होता. पुढल्या चार दिवसांत ही दोन माणसे आम्हाला पुन्हा पुन्हा भेटणार होती, म्हणून त्यांची नावे मी वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवली. त्यांच्या मागण्या साध्या वाटतात. 1614 नंतर कधीच न भरलेली ‘इस्टेट्स जनरल’ ही देशाची वर्गसभा राजाने बोलवावी, तीत सामान्यांच्या म्हणजे तिसऱ्या वर्गाच्या प्रतिनिधींची संख्या दुप्पट करावी, मतदान वर्गवार न होता माणशी एक असे व्हावे, आणि देशाच्या प्रतिनिधींनी मंजुरी दिल्याशिवाय कोणताही नवा कर बसू नये. दोफिनेच्या सभेने हे केवळ आपल्या प्रांतासाठी मागितले नाही, सगळ्या फ्रान्ससाठी मागितले. माझ्या मते क्रांतीतला पहिला मोठा बदल तो हाच. जूनमधला दंगा ‘आमचे न्यायालय आम्हाला द्या’ असे म्हणत होता, आणि जुलैमधली सभा ‘देशाचा कारभार कोणाच्या संमतीने चालतो’ असे विचारू लागली होती.

संग्रहालयात ‘कौलांच्या दिवसा’चे एक मोठे चित्र आहे. ते प्रसंगानंतर साधारण शंभर वर्षांनी काढलेले आहे. भाचीने मला त्यातल्या छपरावरच्या माणसांकडे बोट दाखवून विचारले, “मावशी, यांतल्या कोणाला व्हिझीयच्या सभेत बसायला मिळालं का गं?” कौले फेकणारे आणि ठराव लिहिणारे वेगळे होते, हे तिच्या एका प्रश्नाने नेमके पकडले. हा प्रश्न पुढे सगळ्या प्रवासभर माझ्याबरोबर राहिला.

दिवस तिसरा : पॅरिसमार्गे व्हर्साय

सकाळच्या वेगवान गाडीने तीन तासांत पॅरिस आणि दुपारी उपनगरी गाडीने व्हर्साय. राजवाड्यात आज आम्ही फक्त एक फेरी मारली. पण एका दालनापाशी थांबले. 10 ऑगस्ट 1788 रोजी टिपू सुलतानाचे राजदूत इंग्रजांविरुद्ध मदत मागायला इथे सोळाव्या लुईपुढे उभे राहिले होते. त्याच्या दोनच दिवस आधी राजाने इस्टेट्स जनरल बोलावण्याचे जाहीर केले होते आणि सहाच दिवसांनी खजिन्याला आपली देणी थांबवावी लागली. ज्या राजाकडे ते सैन्य मागायला आले, त्याच्या तिजोरीत काय उरले होते, याची कल्पना त्या झगमगाटात त्यांना कशी यावी?

मग आम्ही सँ-लुई भागातल्या एका साध्या गल्लीत गेलो. तिथे चेंडू खेळण्याचे एक जुने बंदिस्त मैदान आहे. दगडी फरशी, उंच भिंती, वर ओळीने खिडक्या, आणि बसायला एक बाक नाही. 5 मे 1789 ला इस्टेट्स जनरल उघडली तेव्हा तिसऱ्या वर्गाचे सुमारे 600 प्रतिनिधी होते, पण मते वर्गवार मोजायची की माणशी, हा प्रश्न राजाने तसाच लोंबकळत ठेवला होता. वर्गवार मोजली तर 600 जणांचे एक मत, आणि सरदार व धर्मगुरू मिळून दोन. सहा आठवडे याच वादात गेले. 17 जूनला तिसऱ्या वर्गाने स्वतःला ‘राष्ट्रीय सभा’ असे नाव दिले. 20 जूनला सकाळी पावसात ते आले तेव्हा सभागृहाची दारे बंद होती आणि बाहेर सैनिक उभे होते. भिजत भिजत ही मंडळी या मैदानात शिरली, आणि राज्यघटना तयार होईपर्यंत आपण फुटणार नाही अशी शपथ त्यांनी घेतली. शपथेची सूचना मांडली ती ग्रनोब्लच्या मुनिएने. खगोलशास्त्रज्ञ बायी यांनी टेबलावर चढून ती वाचून दाखवली. एकट्या मार्ताँ दोश या प्रतिनिधीने विरोध नोंदवला आणि सभेने त्याचा विरोध नोंदीत राहू दिला, हे मला त्या शपथेइतकेच मोलाचे वाटते.

तरीही भाचीचा प्रश्न इथे अधिकच टोचू लागला. या 600 जणांत बहुतेक वकील, अधिकारी आणि सधन माणसे होती. निवडणुकीच्या वेळी देशभरातल्या गावोगावच्या लोकांनी आपली गाऱ्हाणी वह्यांत लिहून पाठवली होती. मिठावरचा कर, सरदाराने पाळलेली कबुतरे शेत खातात तरी त्यांना मारता येत नाही, रस्त्याच्या कामाची वेठ, चर्चचा दशमांश, असे त्यांत सगळे होते. ती गाऱ्हाणी इथवर आली, पण ती लिहिणारी माणसे आली नव्हती. ती कुठे होती ते पाहायला पॅरिसला परतायला हवे होते.

दिवस चौथा : सँ-आंत्वान आणि बॅस्टिल

बॅस्टिलच्या पूर्वेला सँ-आंत्वानची पेठ पसरलेली आहे. ही सुतारांची, लाकडी सामान करणाऱ्या कारागिरांची वस्ती. मुख्य रस्त्यावरून आत बोळ जातात आणि बोळांत फरसबंद चौक लागतात. काही चौकांत अजूनही लाकडाच्या भुशाचा आणि वॉर्निशचा वास येतो.

इथल्या एका बेकरीत मी सुमारे दोन किलोंचा, जाड सालीचा गोल पाव विकत घेतला. त्या काळी पॅरिसमधला नेहमीचा पाव चार पौंडांचा, म्हणजे जवळजवळ एवढाच असे, आणि मजुराच्या चार माणसांच्या घरात दिवसाला असे दोन पाव लागत. पाव हातात घेतल्यावर आकडे वेगळे वाटू लागतात. एरवी 8-9 सूंना (सू हे त्या वेळचे छोटे नाणे) मिळणारा हा पाव फेब्रुवारी 1789 मध्ये साडेचौदा सूंवर गेला, आणि साध्या मजुराची दिवसाची कमाई होती 20 ते 30 सू. 13 जुलै 1788 च्या गारपिटीने पॅरिसभोवतालचे उभे पीक झोपवले होते आणि त्यानंतरच्या हिवाळ्यात सेन नदी गोठली. घरभाडे, लाकूडफाटा, कपडे हे सारे बाजूला ठेवूनही पोट भरेना अशी गत झाली. राजाच्या मंत्र्यांनी धान्य लपवून भाव चढवला आहे, अशी बोलवा घराघरांत पोचली होती.

मॉन्त्रयच्या रस्त्यावर रेव्हेयाँ या भिंतींचे कागद बनवणाऱ्या कारखानदाराचा वाडा होता. निवडणुकीच्या एका सभेत तो मजुरीबद्दल काही बोलला आणि ‘हा मजुरी 15 सूंवर आणणार’ अशी अफवा पसरली. 27 आणि 28 एप्रिलला जमावाने त्याचा वाडा फोडला. सैनिकांनी गोळ्या झाडल्या आणि रस्त्यावर प्रेते पडली. मला थांबवणारी गोष्ट म्हणजे त्या जमावाच्या घोषणा. ‘तिसऱ्या वर्गाचा जय असो’ असे तो ओरडत होता, आणि त्याबरोबर ‘राजाचा जय असो’ असेही. व्हर्सायला ज्या ‘तिसऱ्या वर्गा’च्या नावाने वकील भांडणार होते, त्याच नावाने इथे सुतार आणि रंगारी मरत होते, आणि दोघांची अजून गाठ पडलेली नव्हती.

ती गाठ पडली जुलैत. राजाने पॅरिसभोवती पलटणी आणल्या, त्यांत परदेशी सैनिकही होते, आणि 11 जुलैला लोकांचा विश्वास असलेला अर्थमंत्री नेकर याला काढून टाकले. ती बातमी रविवारी 12 तारखेला पॅरिसमध्ये येऊन थडकली. पाले-रोयालच्या बागेत कामीय देमुलाँ हा तरुण वकील टेबलावर चढून लोकांना शस्त्रे घ्या म्हणाला. ज्या जकात नाक्यांमुळे शहरात येणारा माल महाग होई, ते नाके पेटवले गेले. 13 तारखेला एका मठातले धान्य बाहेर काढून बाजारात नेले, आणि 14 तारखेला सकाळी आँव्हालिदच्या सैनिकगृहातून हजारो बंदुका काढल्यावर बंदुकीची दारू मिळवण्यासाठी लोक बॅस्टिलकडे वळले. किल्ल्यात त्या वेळी फक्त 7 कैदी होते. राजाच्याच पलटणीतले काही सैनिक तोफा घेऊन लोकांना येऊन मिळाले, तेव्हा किल्ला पडला. हल्ला करणाऱ्यांपैकी 98 जण मेले. किल्ला जिंकणाऱ्यांची जी यादी पुढे झाली तीत या पेठेतले सुतार आणि कारागीर मोठ्या संख्येने आहेत.

किल्ल्याचा आज रस्त्यावरच्या फरशीत आखलेला आराखडा तेवढा राहिला आहे, आणि भुयारी रेल्वे खणताना सापडलेला एका बुरुजाचा पाया नदीकाठच्या छोट्या बागेत नेऊन ठेवला आहे. मी त्या दगडावर हात ठेवला. तो ओलसर आणि खडबडीत होता. पॅरिस उठले नसते तर व्हर्सायच्या सभेवर सैनिक चालून जायला कितीसा वेळ लागला असता? शपथेला बळ आले ते या पेठेमुळे.

दिवस पाचवा : पायी व्हर्सायला

ही तारीख 5 ऑक्टोबर. ऑगस्टमध्ये सभेने सरंजामी हक्क रद्द केले आणि 26 तारखेला मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला, पण राजा त्यांना संमती देण्याचे टाळत होता आणि पॅरिसमध्ये पीक निघूनही पाव मिळत नव्हता. व्हर्सायला नव्या पलटणीला मेजवानी दिली गेली आणि तिथे क्रांतीची तिरंगी फीत पायाखाली तुडवली, असे पॅरिसमध्ये कळले. 5 ऑक्टोबर 1789 च्या सकाळी मंडईतल्या मासळीवाल्या आणि सँ-आंत्वानच्या बायका नगरभवनात शिरल्या आणि तिथून हजारोंच्या संख्येने पावसात व्हर्सायकडे चालू लागल्या.

पूर्ण वीस किलोमीटर चालणे मला झेपणारे नव्हते. नगरभवनापुढच्या चौकातून आम्ही निघालो, नदीकाठाने काही अंतर चाललो, मग सेव्हर्‌च्या पुलापर्यंत मेट्रोने गेलो आणि पुलापासून पुढचे आठ-नऊ किलोमीटर पायी. नकाशात न दिसणारी एक गोष्ट तिथे पायांना कळते : सेव्हर्‌नंतर रस्ता सतत चढत जातो. शाव्हीलपाशी पाऊस सुरू झाला. माझ्याकडे चांगले बूट आणि छत्री होती, तरी व्हिरोफ्लेपर्यंत मोजे भिजले आणि पोटऱ्या भरून आल्या. आम्ही एका दारवंडात उभे राहून कालचा पाव मोडून खाल्ला. लाकडी खडावा घातलेल्या, सकाळपासून उपाशी असलेल्या, भाले आणि तोफा ओढीत निघालेल्या त्या बायका याच चढावर चालल्या असतील, आणि त्यांना वाटेत पाव विकणारे कोणी नव्हते.

व्हर्सायच्या रुंद हमरस्त्याला लागल्यावर राजवाड्याच्या बरेच अलीकडे, डाव्या हाताला ‘मेन्यू-प्लेझिर’ची वास्तू लागते. राष्ट्रीय सभा भरत होती ती इथे. ते सभागृह आता नाही, पण आवार आहे. भिजलेल्या, चिखलाने माखलेल्या बायका त्या संध्याकाळी सभेत घुसल्या आणि प्रतिनिधींच्या बाकांवर जाऊन बसल्या. त्या दिवशी सभेच्या अध्यक्षपदी कोण होते? मुनिए. व्हिझीयच्या वाड्यात माणशी एक मत मागणारा, चेंडूच्या मैदानात शपथ सुचवणारा मुनिए. बायकांचे शिष्टमंडळ घेऊन तोच भर पावसात राजाकडे गेला. राजाने धान्य देण्याचा शब्द दिला आणि त्याच रात्री जाहीरनाम्याला व सभेच्या ठरावांना संमती दिली. वकिलांना आठवडेच्या आठवडे जी संमती मिळाली नव्हती, ती पाव मागायला आलेल्या बायकांच्या रेट्याने काही तासांत मिळाली. मी त्या आवारापुढे उभी राहून भाचीला म्हटले, “तुझ्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. छपरावरची माणसं सभेत बसली, ती या रात्री.”

तो जाहीरनामा टॉमस पेनने आपल्या ‘राइट्स ऑफ मॅन’ या ग्रंथात पूर्ण छापला आणि व्हर्सायच्या या मोर्चाची हकीकतही त्यात दिली. पुण्यात जोतीराव फुल्यांनी तरुणपणी वाचला तो हाच ग्रंथ. वर्गात मी हे दोन्ही पाठ वेगवेगळ्या इयत्तांना शिकवले होते. ते या चिखलाच्या रस्त्याने एकमेकांना जोडलेले आहेत, हे मला इथे येईपर्यंत जाणवले नव्हते.

संगमरवरी अंगणात पोचलो तेव्हा अंधारत आले होते. 6 ऑक्टोबरच्या पहाटे जमाव राजवाड्यात शिरला, राणीचे दोन रक्षक मारले गेले आणि ती मागच्या वाटेने राजाकडे पळाली. दिवस वर आल्यावर राजा या अंगणावरच्या सज्जात आला आणि खालून एकच आवाज उठला, ‘पॅरिसला चला!’ दुपारी राजघराण्याची गाडी निघाली, तिच्याबरोबर पिठाच्या गाड्या होत्या, आणि बायका म्हणत होत्या की आपण बेकरी चालवणारा, त्याची बायको आणि त्यांचा पोरगा यांना घरी नेत आहोत. त्या रक्षकांची मुंडकी भाल्यांवर मिरवली गेली, हेही सांगायला हवे. राजाचा मुक्काम पुन्हा कधी व्हर्सायला पडला नाही.

दिवस सहावा : त्युइलरी

पॅरिसमधला त्युइलरीचा राजवाडा 1871 मध्ये जळाला, आता तिथे बाग आहे. राजा इथे पॅरिसच्या नजरेखाली राहिला. जून 1791 मध्ये तो वेश पालटून पळाला आणि व्हारेनला पकडला गेला, तेव्हा त्याला परत आणायला गेलेल्या प्रतिनिधींत बार्नाव्ह होता. राजघराण्यासोबत त्याच गाडीत बसून तो आला आणि राज्यघटनेसह राजाही टिकावा यासाठी झटू लागला. 10 ऑगस्ट 1792 ला सँ-आंत्वानची पेठ आणि मार्सेयहून आलेले स्वयंसेवक या राजवाड्यावर चालून गेले आणि राजसत्ता संपली. सप्टेंबरमध्ये प्रजासत्ताक जाहीर झाले.

मुनिए ऑक्टोबर 1789 च्या त्या रात्रीनंतर राजीनामा देऊन दोफिनेला परतला आणि पुढच्या वर्षी देश सोडून गेला. त्याला माणसांचा कौल हवा होता, माणसांचा लोंढा नको होता. तो भित्रा होता असे मला वाटत नाही, पण लोंढ्याशिवाय तो कौल मिळाला नसता, हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. बार्नाव्ह थांबला. 29 नोव्हेंबर 1793 ला, बागेच्या टोकाला जिथे आज काँकोर्द चौक आहे, तिथे त्याचा शिरच्छेद झाला. जानेवारीत राजाचाही त्याच चौकात झाला होता. बार्नाव्ह तेव्हा 32 वर्षांचा होता.

चौकापुढच्या पुलावर आम्ही संध्याकाळपर्यंत उभे होतो. पाडलेल्या बॅस्टिलचे दगड या पुलाच्या बांधकामात वापरलेले आहेत. पिशवीत पावाचा शेवटचा तुकडा उरला होता. तो दोन दिवसांत वाळून कडक झाला होता, तरी आम्ही तो मोडून दोघींनी खाल्ला आणि भाचीच्या गाडीची वेळ झाली म्हणून स्टेशनकडे निघालो.